जवळचा टॅग ऐकू येईना: साक्रीच्या जलाशयातली चाचणी आणि लक्षद्वीपचे शार्क

शार्कच्या पोटात बसवलेला ध्वनी-टॅग आणि तळाशी बांधलेला रिसीव्हर यांच्यात किती अंतर चालते, हे टॅगिंग सुरू होण्याआधी माहीत असावे लागते. ते समुद्रात शोधत बसायचे तर होडीभाडे, डिझेल आणि डायव्हरची मजुरी रोज चढत जाते. धुळ्यातल्या एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागातून एक प्राध्यापक आणि एमएस्सीच्या दोन विद्यार्थिनी लक्षद्वीपच्या शार्क-टॅगिंगच्या कामात सहभागी होणार होत्या. निघण्याआधी उपकरणांवर हात बसावा म्हणून त्यांनी साक्री तालुक्यातल्या एका जलाशयात अंतर-चाचणी घेतली. चारशे मीटरवरचा टॅग रिसीव्हरला व्यवस्थित ऐकू आला आणि वीस मीटरवरचा जवळजवळ नाहीच.

प्रकरणातली माणसे आणि मोजणीचे आकडे शिकवण्यासाठी रचले आहेत. उपकरणे, पाण्यातल्या ध्वनीचे गणित आणि खानदेशचा भूगोल मात्र आहे तसाच ठेवला आहे.

यंत्रणा

प्रवाळावरच्या शार्कसाठी जगभर जी पद्धत रुळली आहे ती ६९ किलोहर्ट्झच्या ध्वनीवर चालते. इनोव्हासी (पूर्वीची व्हेमको) कंपनीचे व्ही९, व्ही१३, व्ही१६ हे टॅग आणि व्हीआर२डब्ल्यू, व्हीआर२टीएक्स हे रिसीव्हर या कामात सगळीकडे दिसतात. नावातला आकडा म्हणजे टॅगचा मिलिमीटरमधला व्यास. उपग्रहाचा टॅग इथे फारसा कामाचा नाही. रेडिओलहरी खाऱ्या पाण्यातून जात नाहीत, आणि प्रवाळावरचा शार्क पाठीचा पर हवेत ठेवून फिरत नाही.

टॅग सलग आवाज करत नाही. साधारण साडेतीन सेकंदांत तो आठेक टिकटिक सोडतो आणि पुन्हा गप्प बसतो. या टिकटिकीला पिंग म्हणतात. कोणता शार्क, हे दोन पिंगांमधल्या वेळेच्या फरकात दडलेले असते. सगळे पिंग आले आणि शेवटची पडताळणी जुळली तरच रिसीव्हर त्या टॅगचा क्रमांक आणि वेळ नोंदवतो. एक पिंग हुकला किंवा एक जास्तीचा घुसला, की अख्खी खेप बाद. अर्धवट नोंद असा प्रकारच नाही. नवख्या माणसाला आवाज ऐकू येणे आणि नोंद होणे ही एकच गोष्ट वाटते, पुढचा घोळ तिथेच झाला.

शार्कमध्ये बसवायच्या टॅगचा विराम अनियमित ठेवतात, उदाहरणार्थ ६० ते १८० सेकंदांच्या मधला कितीही. नाहीतर एका ठिकाणी जमलेल्या दोन शार्कचे टॅग एकाच वेळी बोलू लागले की ते कायम एकमेकांवर बोलत राहतील. चाचणीच्या टॅगचा विराम मात्र ठरीव असतो, कारण किती खेपा सुटल्या हे मोजता आले पाहिजे. इथे विराम १० सेकंदांचा होता. पिंगांचे साडेतीन सेकंद धरून एक खेप साडेतेरा सेकंदांची, म्हणजे २० मिनिटांत ८९ खेपा.

जागा

भुसावळजवळचे हतनूर धरण आधी बाद झाले. तापी-पूर्णेचा गाळ तिथे भरपूर साचला आहे आणि उथळ भागात पाणवनस्पती माजलेल्या असतात. झाडांना चिकटलेले हवेचे बुडबुडे ६९ किलोहर्ट्झचा आवाज गिळतात. नंदुरबारकडचा उकाईचा फुगवटा खोल आहे, पण पाणी उतरत गेले की काठ दूर सरकतो आणि होडी लावायची जागा बदलत राहते. साक्रीकडच्या जलाशयात नऊ-दहा मीटर खोली मिळाली, पाणी बऱ्यापैकी नितळ होते आणि एका बाजूला काळ्या दगडाची सरळसोट भिंत पाण्यात उतरलेली होती. धुळे-नंदुरबारच्या पट्ट्यात बेसॉल्टमध्ये घुसलेल्या अशा भिंती, म्हणजे डाइक, पूर्व-पश्चिम दिशेने मैलोगणती धावतात. शेतातून, डोंगरातून, कधी तलावातूनही. तिघांना ती भिंत सोयीची वाटली, कारण अंतर मोजायला काठावर पक्की खूण मिळाली.

महिना जानेवारीचा निवडला, तो थंडीची हौस म्हणून नव्हे. मे महिन्यात वरचे पाणी तापते, खालचे थंड राहते आणि दोन्हींच्या सीमेवर आवाज वाकतो. जानेवारीत वरपासून खालपर्यंत तापमान जवळपास सारखे असते, त्यामुळे घोळाचे एक कारण आधीच वजा होते.

जलसंपदा विभागाची लेखी परवानगी आणि जलाशयाचा ठेका असलेल्या मच्छीमार संस्थेची संमती, दोन्ही घेतल्या. संस्थेला सांगितल्याशिवाय पाण्यात दोर सोडला तर तो रात्री जाळ्यात अडकतो आणि सकाळी रिसीव्हर काठावरच्या झोपडीत सापडतो. एकही मासा पकडायचा नव्हता, फक्त टॅग दोराला बांधून लटकवायचा होता, म्हणून परवानगीला वेळ लागला नाही.

मांडणी

रंगाच्या दहा लिटरच्या बादलीत काँक्रीट ओतून वीस-बावीस किलोचे वजन केले. ओले असतानाच त्यात जाड लोखंडी कडी रोवली. कडीला १२ मिलिमीटरचा दोर, तळापासून दोन मीटरवर रिसीव्हर, वर दीड मीटर सोडून पाण्याखालचा तरंगक. रिसीव्हरचे टोक, म्हणजे हायड्रोफोन (पाण्यातला मायक्रोफोन), वरच्या बाजूला. दोर टोकाजवळून जाताना त्याला घासू नये म्हणून रिसीव्हर दोन ठिकाणी केबल-टायने आवळला आणि गाठ टोकापासून हातभर दूर ठेवली. टोकाशी सैल दोर हलत राहिला तर त्याचा आवाजही होतो आणि सावलीही पडते. झाकण बसवण्याआधी ओ-रिंगवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कडीवर, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवला. पातळच. ग्रीस जास्त झाले की त्यात वाळूचा कण बसतो, आणि पाणी आत शिरायला तेवढी फट पुरते.

टॅग होडीतून तीन मीटर खोल सोडला, खाली दोनशे ग्रॅमचे शिसे. होडी दोन्ही टोकांना दगड टाकून बांधली, कारण एकाच दगडावर ती वाऱ्याने फिरत राहते आणि वीस मिनिटांत अंतर बदलून बसते. इंजिन बंद, मासे शोधायचे सोनार असेल तर तेही बंद. रिसीव्हरचे घड्याळ मोबाइलच्या वेळेशी जुळवले आणि दोन अंतरांच्या मध्ये पाच मिनिटे मोकळी सोडली. एका जागेच्या शेवटच्या खेपा दुसऱ्या जागेच्या खात्यात पडू नयेत यासाठी.

रिसीव्हर भिंतीपासून २२० मीटरवर टाकला. टॅग घेऊन होडी भिंतीच्या उलट दिशेने सरळ रेषेत दूर जात राहिली. पहिला फेरा सकाळी सात वाजता सुरू झाला. टॅग व्ही१६, जोर १५८ डेसिबल.

पहिल्या सकाळचे आकडे

८९ खेपांपैकी नोंद झालेल्या खेपा:

२० मीटर: ४
६० मीटर: ११
१२० मीटर: ३८
२०० मीटर: ७४
३०० मीटर: ८३
४०० मीटर: ७१
६०० मीटर: २२

दूरच्या बाजूचे आकडे अपेक्षेप्रमाणे उतरत गेले. जवळचे मात्र उलटे. संशय पहिल्यांदा माणसांवर गेला, आणि तसेच असावे. टॅगची गाठ सुटली होती का? नाही. शिशाच्या तुकड्याआड टॅग गेला होता का? गाठ बदलून २० मीटरवर पुन्हा लटकवला, सहा नोंदी. मग दुसरा रिसीव्हर त्याच दोरावर बांधला, तोही तितकाच बहिरा. दोन रिसीव्हर एकाच दिवशी एकाच पद्धतीने बिघडत नाहीत. बॅटरी नवी होती. जवळच्या टॅगच्या मोठ्या आवाजाने रिसीव्हरचे कान बधिर होत असतील, असा एक तर्क निघाला. ऐकायला तो पटतो, पण बधिर झालेल्या रिसीव्हरने पिंगही कमी मोजले असते.

म्हणून पिंगांची मोजणी उघडली. व्हीआर२टीएक्स नुसत्या नोंदी ठेवत नाही. ठराविक अंतराने पाण्याचे तापमान, आवाजाची पातळी आणि आलेल्या पिंगांची संख्याही लिहून ठेवतो. हा भाग पुष्कळ लोक कधी उघडतच नाहीत. २० मीटरवर ८९ खेपा म्हणजे ७१२ पिंग यायला हवे होते. रिसीव्हरने ११९० मोजले होते. टॅगने जेवढे पाठवले त्याहून जवळपास पाचशे जास्त, आणि नोंदी चार. रिसीव्हरला कमी नव्हे, जास्त ऐकू येत होते.

प्रतिध्वनी

कोणी फोन नंबर सांगत असताना मागून दुसरा तेच आकडे अर्ध्या श्वासाने उशिरा म्हणत राहिला, तर लिहिणाऱ्याच्या कागदावर दहाऐवजी तेरा आकडे येतील आणि तो कागद फाडून टाकेल. रिसीव्हरने तेच केले.

प्रतिध्वनीचा बंदोबस्त रिसीव्हरमध्ये आधीपासून असतो. एक पिंग आला की पुढचे साधारण २६० मिलिसेकंद तो कान मिटून घेतो. तळाचे, पृष्ठभागाचे, होडीच्या बुडाचे प्रतिध्वनी या वेळात येऊन विरून जातात. अडचण २६० मिलिसेकंदांनंतर येणाऱ्या प्रतिध्वनीची. वीस अंशांच्या गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला १४८० मीटर जातो, म्हणजे २६० मिलिसेकंदांत ३८५ मीटर. जो प्रतिध्वनी थेट आवाजापेक्षा ३८५ मीटरहून जास्त वाट चालून येईल, तो रिसीव्हरला नवा पिंग वाटेल.

भिंत २२० मीटरवर. जाऊन-येऊन जादा वाट ४४० मीटर, म्हणजे २९७ मिलिसेकंद. कान उघडल्यावर सदतीस मिलिसेकंदांनी पोचणारा.

टॅग भिंतीपासून दूर नेला तरी हा फरक बदलत नाही, कारण टॅग, रिसीव्हर आणि भिंत एका रेषेत आहेत. बदलतो तो प्रतिध्वनीचा जोर. टॅग २० मीटरवर असताना प्रतिध्वनी एकूण ४६० मीटर चालतो, ४०० मीटरवर असताना ८४० मीटर. अंतर जवळपास दुप्पट झाले की आवाज पाच-सहा डेसिबलनी उतरतो, आणि तेवढ्यात प्रतिध्वनी रिसीव्हरच्या ऐकण्याच्या मर्यादेखाली जातो. ४०० मीटरवरून थेट आलेला आवाज अजून त्या मर्यादेच्या वर असतो. म्हणून दूरचा टॅग स्वच्छ, जवळचा गढूळ. कागदावर काढले तर रिसीव्हरभोवती मेदूवड्यासारखे चित्र येते, मध्ये भोक आणि भोवती चांगली कडा.

गणित जुळले म्हणजे कारण सिद्ध झाले असे नाही. तीन पडताळण्या केल्या, आणि त्यातली पहिली होडीवाल्या आबांच्या एका वाक्यातून निघाली. सकाळच्या फेऱ्यात होडी हलत नाही म्हणून विद्यार्थिनी खुश होत्या, तेव्हा ते म्हणाले होते, "सकायले पानी निजेल ऱ्हास ताई, दुपारले वारा उठस." निजलेले पाणी म्हणजे गुळगुळीत पृष्ठभाग. आवाज त्याच्याखालून भिंतीपर्यंत जाऊन मोडतोड न होता परत येतो. वाऱ्याने लाटा उठल्या की पृष्ठभाग आवाज विखुरतो, आणि लाटांबरोबर शिरलेले बुडबुडे तो शोषतात. तर्क खरा असेल तर दुपारी भोक बुजायला हवे आणि दूरचा पल्ला मात्र घटायला हवा.

दुपारी दोनच्या फेऱ्यात २० मीटरवर ८४ नोंदी आल्या, ६० वर ८६, १२० वर ८२. आणि ३०० वर ४१, ४०० वर १२, ६०० वर एकही नाही. २० मीटरवरचे पिंग ७३०, म्हणजे पाठवले जवळपास तितकेच.

दुसरी पडताळणी कमी जोराच्या टॅगने केली. १५२ डेसिबलचा टॅग दुसऱ्या शांत सकाळी ६० मीटरवर ८१ वेळा नोंदला गेला, जिथे जोरदार टॅग ११ वर अडकला होता. ४०० मीटरवर तो २९ पर्यंत घसरला.

तिसरी सगळ्यात निर्णायक. रिसीव्हर उचलून भिंतीपासून १२० मीटरवर आणला. जादा वाट आता २४० मीटर, म्हणजे १६२ मिलिसेकंद. भिंत जवळ आल्यामुळे प्रतिध्वनी आधीपेक्षा मोठा, पण रिसीव्हरचे कान मिटलेले असतानाच येऊन जाणारा. जोरदार टॅग, शांत सकाळ, २० मीटर: ८५ नोंदी. प्रतिध्वनी वाढवल्यावर भोक गेले. बधिर कानाच्या तर्काने याचा उलगडा होऊच शकला नसता.

समुद्रात काय न्यायचे आणि काय नाही

पल्ल्याचा आकडा साक्रीतच सोडून यायचा. ६९ किलोहर्ट्झचा आवाज गोड्या पाण्यात किलोमीटरमागे जेमतेम एक डेसिबल शोषला जातो. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम सल्फेटमुळे हाच आकडा २० डेसिबलच्या आसपास जातो. पाचशे मीटरवर दहा डेसिबलचा फरक म्हणजे काही थोडाथोडका नव्हे. वर प्रवाळावरचा गोंगाट. चुटकी वाजवणाऱ्या कोळंबीचा तडतडाट या वारंवारतेपर्यंत पोचतो आणि अंधार पडला की बहुधा वाढतो. प्रवाळाचे उंचवटे मध्ये आले की सरळ रेषाही उरत नाही. परिणामी प्रवाळावर कामाचा पल्ला बहुतेक वेळा शंभर-दोनशे मीटरच्या आत राहतो, काही ठिकाणी शंभरही भरत नाही.

साक्रीच्या सकाळचा ४०० मीटरचा आकडा धरून लक्षद्वीपच्या खाडीमुखावर ७०० मीटरला एक रिसीव्हर लावला, आणि तिथला खरा पल्ला १०० मीटर निघाला, तर दोन रिसीव्हरांच्या मध्ये ५०० मीटरची मोकळी वाट राहते. शार्क तिथून रोज ये-जा करील आणि नोंदवहीत तो स्थलांतर करून गेलेला दिसेल. असा निष्कर्ष छापून आला की तो मागे घेणे कठीण.

विरामाची निवडही या पल्ल्यावर ठरते. शार्क सेकंदाला ०.७ मीटरने सावकाश पोहत १०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळातून मधोमध गेला तर त्याला पावणेपाच मिनिटे लागतात. सरासरी १२० सेकंदांच्या विरामात टॅग तेवढ्यात दोनदाच बोलेल. कडेने गेला तर एकदा, किंवा एकदाही नाही. आणि एका दिवसात एकट्याच आलेल्या नोंदीवर कोणी विश्वास ठेवत नाही, कारण दोन टॅगांचे पिंग एकमेकांत मिसळून भलताच क्रमांक तयार होऊ शकतो. विरामाच्या तीसपट वेळेत, म्हणजे इथे तासाभरात, त्याच क्रमांकाची दुसरी नोंद हवी, हा प्रचलित निकष आहे. खाडीमुखासाठी म्हणून सरासरी ६० सेकंदांचा विराम बरा. बॅटरी लवकर संपते, ती किंमत मोजायची.

भोकाचे काय? समुद्रात शोषण जास्त असल्यामुळे लांबून येणारा प्रतिध्वनी लवकर मरतो, आणि कोळंबीचा गोंगाट उरलेला झाकतो. साक्रीइतके मोठे भोक प्रवाळावर सहसा दिसणार नाही. पण समुद्रातही ते सापडलेले आहे, विशेषतः शांत आणि खोल पाण्यात, जोरदार टॅगांबरोबर. २८ अंशांच्या समुद्रात आवाज सेकंदाला १५४० मीटर जातो, म्हणून धोक्याची भिंत २०० मीटरच्या पुढची. प्रवाळाच्या बाहेरच्या उतारावर, जिथे कडा आत वळून कवेसारखा आकार घेतो, तिथे रिसीव्हर लावताना समोरच्या कड्याचे अंतर मोजलेच पाहिजे.

याला इतके महत्त्व देण्याचे कारण शार्कच्या वागण्यात आहे. करडा प्रवाळ-शार्क आणि काळ्या टोकाचा प्रवाळ-शार्क आपली जागा सहजी सोडत नाहीत, दिवसच्या दिवस त्याच उतारावर घिरट्या घालतात. रिसीव्हरही लोक नेमका तिथेच लावतात. म्हणजे जो शार्क सगळ्यात जास्त वेळ जवळ, तोच भोकात, आणि नोंदी सांगणार की तो गेला.

टॅग गप्प होण्याचा अर्थ पुढे फार लांबवर नेला जातो. हिंदी महासागरात चागोस द्वीपसमूहाभोवती २०१० साली संरक्षित क्षेत्र जाहीर झाले. तिथे २०१४ च्या डिसेंबरात दहा दिवसांत १५ शार्कचे टॅग एकदम गप्प झाले. त्याच सुमारास बेकायदा शार्क पकडणाऱ्या दोन होड्या तिथे सापडल्या. टॅगांचे मौन आणि अवैध मासेमारी यांचा संबंध जोडता आला, तो रिसीव्हरांवर भरवसा होता म्हणून. तोच रिसीव्हर शांत पाण्यात आपोआप बहिरा होत असेल तर असा दावा टिकणार नाही.

हाताचे काम

जलाशयात शस्त्रक्रियेचा सराव होत नाही. तो धुळ्याच्या बाजारात बर्फातून येणाऱ्या लहान मुशीवर, म्हणजे छोट्या शार्कवर केला, आणि तो पुरेसा ठरतो. मुशीच्या कातडीवर सूक्ष्म दातांसारखे खवले असतात. स्काल्पेल त्यांवर दोन छेदांत बोथटतो, म्हणून प्रत्येक जनावराला नवे पाते. सुई कापत जाणारी हवी, गोल टोकाची सुई कातडीत शिरतच नाही. पोटाच्या परांच्या पुढे, मध्यरेषेच्या किंचित बाजूला दोन-तीन सेंटिमीटरचा छेद, त्यातून निर्जंतुक केलेला टॅग पोटाच्या पोकळीत, आणि विरघळणाऱ्या दोऱ्याचे दोन-तीन टाके. पहिल्या सरावात टाक्यांनाच सगळा वेळ गेला. गाठी ओल्या हातमोज्यांनी मारायच्या असतात, कोरड्या हाताच्या सरावाचा तिथे उपयोग नाही.

जिवंत शार्क होडीच्या कडेला पाण्यातच ठेवून उलटा केला की बहुधा शिथिल पडतो. करडा आणि काळ्या टोकाचा, दोघांनाही कल्ल्यांतून पाणी वाहते ठेवायला पुढे सरकत राहावे लागते, म्हणून होडी मंद गतीने पुढे चालवायची किंवा शार्कचे तोंड प्रवाहाकडे धरायचे. पांढऱ्या टोकाचा तळाला बसूनही श्वास घेतो, त्याच्याबाबतीत घाई जरा कमी. गळ गोल वळणाचा, काटा घासून सपाट केलेला. तो जबड्याच्या कोपऱ्यात लागतो आणि चटकन सुटतो. शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांहून जड टॅग घालायचा नाही. व्ही१६ हवेत चोवीसेक ग्रॅम भरतो, म्हणजे सव्वा किलोखालच्या पिल्लाला तो नको, त्याला व्ही९. पकडल्यापासून सोडेपर्यंत दहा मिनिटांची मर्यादा. टाके राहिले तरी दहाव्या मिनिटाला काय करायचे, हे आधीच ठरलेले असावे.

परवानग्यांचा भाग साक्रीसारखा सोपा नाही. हे प्रवाळ-शार्क ज्यात येतात त्या कार्कारायनिडी कुळातले सगळे शार्क साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घ्यायचे २०२२ मध्ये ठरले. करडा प्रवाळ-शार्क आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत संकटग्रस्त आहे. लक्षद्वीपला जायलाच प्रवेश परवाना लागतो, वन्यजीव हाताळायची परवानगी वेगळी. ती कागदपत्रे मुख्य संस्थेच्या नावे असतात आणि त्यात प्रत्येक हाताळणाऱ्याचे नाव यावे लागते. हे महिनोन्महिने आधी बघायचे काम आहे.

बदललेला आराखडा

साक्रीहून परतल्यावर मूळ आराखड्यात फेरफार झाले. सगळे टॅग जोरदार घ्यायचे ठरले होते. आता बाहेरच्या उतारासाठी १५२ डेसिबलचे टॅग निवडले. विद्यार्थिनींपैकी एकीला ते पटले नव्हते. पल्ला मुद्दाम कमी कशाला करायचा, असा तिचा सवाल होता, आणि तो रास्त होता. सरांचे उत्तर असे की कोळंबीच्या गोंगाटात सहा डेसिबलने पल्ला फार वाढत नाही, शांत दिवशी भोक मात्र नक्की वाढते. खाडीमुखाबाबत तिचे म्हणणे मान्य झाले. तिथे प्रवाह जोराचा, पाणी कधी निजत नाही, म्हणून जोरदार टॅग ठेवले आणि रिसीव्हर १५० मीटरला एक.

दुसरा फेरफार पहाऱ्याच्या टॅगचा. प्रत्येक तिसऱ्या रिसीव्हरपासून ५० मीटरवर दोरावर एक टॅग कायमचा बांधायचा, दहा मिनिटांनी एकदा बोलणारा. दिवसाला १४४ खेपा. शार्कच्या नोंदी घटल्या आणि पहाऱ्याच्याही घटल्या, तर दोष पाण्याचा किंवा रिसीव्हरचा. पहाऱ्याच्या जशाच्या तशा आणि शार्कच्या घटल्या, तर शार्क खरोखर हलला. पहाऱ्याच्या घटल्या आणि पिंग वाढले, तर साक्रीचे दुखणे. हायड्रोफोनवर शंखशिंपले चढले तरी पहारा हळूहळू मंदावतो. ती घसरण आठवड्यांची असते, भोकाची तासांची. टोकावर रंग लावायचा नाही, बाकी नळीवर चिकटपट्टी गुंडाळायची, म्हणजे खरवडायचे काम पट्टी सोलण्यावर भागते.

व्हीआर२डब्ल्यूची बॅटरी पंधराएक महिने चालते. म्हणून पावसाळ्यात होड्या बंद असल्या तरी एक वर्षाचा फेरा निभतो. पण रिसीव्हर वर काढल्यावर त्याच्या घड्याळाचा फरक लगेच लिहून घ्यायचा. घड्याळ वर्षात काही मिनिटेही सरकू शकते, आणि दोन रिसीव्हरांमधली शार्कची चाल काढताना तेवढ्याने तो उलट्या दिशेने गेल्याचे दिसते.

बेटावर पोचल्यावरचा क्रमही ठरला. आधी रिसीव्हर आणि पहाऱ्याचे टॅग पाण्यात. चोवीस तास, म्हणजे एक शांत सकाळ आणि एक गोंगाटी रात्र, जाऊ द्यायची. मग रिसीव्हर वर काढून नोंदी आणि पिंग शेजारी मांडून पाहायचे. पिंग अपेक्षेहून जास्त आणि नोंदी कमी असतील तर तो रिसीव्हर समोरच्या कड्याच्या दिशेने सरकवायचा, अंतर २०० मीटरच्या आत येईपर्यंत, आणि पुन्हा चोवीस तास. एका जागेसाठी अशा दोन फेऱ्यांचे होडीभाडे खर्चाच्या अंदाजात धरले आहे. पहिला गळ त्यानंतर.